बापावर गेलीय

आमची मुलगी घरी आली तेव्हा ती नुकती सात महिन्यांची झाली होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेऊन आलो. भाड्याची गाडी पेणला आमच्या आळीत वळली तेव्हा उन्हं कलली होती आणि प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी बसलं होतं. एरवी त्या वेळेला बायका आत कामात असतात. आम्ही दिवस कुणालाच सांगितला नव्हता, तरी सगळ्यांना कळलं होतं. कुणी सांगितलं असेल, याचा विचार मी गाडीतून उतरतानाच करायला लागले. पुढचे काही महिने माझा तोच उद्योग झाला.

सासूबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीच्या डोळ्यांना पाणी लावलं. मग तिला माझ्याकडून घेतली आणि ओट्याच्या कडेला उजेडात नेली. तळहात उघडून बघितले, तळपाय बघितले, कानांच्या पाळ्या मुडपून मागचा रंग बघितला. माझं माहेर रोह्याच्या पलीकडचं, वालाची शेती करणारं. बियाण्याचे वाल विकत घेताना माझे वडील मूठ अशीच उन्हात धरायचे.

"जात कुठची?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"आई, ते सांगत नाहीत."

"सांगत नायत, की तुम्ही विचारलं नाय?"

तेवढ्यात समोरच्या काकू पुढे आल्या. मुलीची हनुवटी दोन बोटांत धरून त्यांनी तिचा चेहरा माझ्या नवऱ्याकडे वळवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगो, नाक बघा! बापावर गेलीय पोर!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला ते आवडलं होतं. नवरा मात्र सामान काढायच्या निमित्तानं गाडीकडे गेला.

मग ते वाक्य रोजच ऐकू यायला लागलं. नणंद फोनवर चेहरा बघून तेच म्हणाली. दूधवाला म्हणाला. डॉक्टरांकडे नाव पुकारणारी मुलगी म्हणाली. ऐकता ऐकता मी ते नाक बघायला लागले. मुलगी झोपली की तिच्याकडे बघायचे, मग पलीकडे झोपलेल्या नवऱ्याकडे. शेंड्याला जरा बसकं, नाकपुड्या रुंद. अशी नाकं आमच्याकडे पुष्कळांची असतात. तरी एकदा बघायला लागलं की दुसरं काही दिसत नाही.

ज्या दिवशी सासूबाई बोलल्या, त्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत सुकट निवडत होतो. मुलगी चटईवर पालथी पडून डबा वाजवत होती. सासूबाई आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "एक इचारू? ही आपल्यातलीच हाय ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या घरातली. माझा पोरगा इतकी वर्सं रोह्याला कंपनीत. पुरुषमाणूस हाय. झालं असंल कायतरी. मग संस्थेत ठेवली नि रीतसर आणली."

मी सूप खाली ठेवलं. "आई, काहीतरीच काय बोलता? ते सगळं कॉम्प्युटरवरून ठरतं. कुठलं मूल कुणाला, ते आपल्या हातात नसतं."

"असंल बाय, असंल." त्या हसल्या. तेच मला भयंकर वाटलं, त्यांचं हसणं. "मी काय कुणाला बोलनार नाय. रक्त आपलं हाय तर बरंच हाय गो."

त्या दिवसापासून सासूबाई मुलीला खाली ठेवेनात. तिच्या अंगाला तेल लावताना स्वतःशी गुणगुणायला लागल्या. घरात सगळ्यांत जास्त माया त्या करत होत्या आणि ती माया कशावर उभी आहे, हे फक्त मला माहीत होतं.

माझ्या डोक्याला सगळं कळत होतं. किती वर्षं वाट बघितली होती, संस्थेच्या मॅडम घर बघायला आल्या होत्या, ती संस्था कुठे नि रोहा कुठे. पण मी घरी ब्लाउज शिवते. मशीनवर बसलं की हात चालू राहतात आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात सासूबाईंचं बोलणं फिरायला लागलं.

आणि नवरा खरंच बदलला होता. पहिली गोष्ट म्हणजे तो मुलीला घेत नव्हता. मूल आणायची घाई माझ्यापेक्षा त्याला जास्त होती. पाळण्याच्या कड्या त्यानं आधीच तेल घालून ठेवल्या होत्या. आता तो तिच्याकडे लांबून बघायचा आणि मी पुढे केली की म्हणायचा, "नको, रडंल." एकदोनदा ती रडलीही होती, तोंड फिरवून माझ्या खांद्यात लपली होती.

दुसरी गोष्ट उशीर. पहिली शिफ्ट करून संध्याकाळच्या आत घरी येणारा माणूस दिवेलागण झाल्यावर यायला लागला. विचारलं तर एकच शब्द, "ओव्हरटाइम." फोन वाजला की उठून मागच्या दाराला जायचा आणि दबक्या आवाजात बोलायचा.

तिसरी गोष्ट साबण. तो केमिकल कंपनीत आहे. लग्न झाल्यापासून त्याच्या अंगाला एक कडवट, नाकात बसणारा वास असायचा. घरी येऊन आंघोळ केली तरी केसांतून थोडा राहायचा. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो गेला, तेव्हाच तो होता हे माझ्या लक्षात आलं. आता त्याला चंदनाच्या साबणाचा वास येत होता. आमच्या मोरीत लिंबाचा साबण असतो.

एक दिवस त्याच्या पिशवीत पांढरा शर्ट मिळाला. धुतलेला, इस्त्री केलेला. वरून दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं. मी शिवणकाम करते, पांढऱ्या शर्टाला निळा दोरा मी मेले तरी घालणार नाही. ते बटण कुणीतरी घाईत, पण घट्ट लावलं होतं. मी शर्ट घडी करून परत पिशवीत ठेवला.

त्याच आठवड्यात काकू ब्लाउज न्यायला आल्या. माप बघता बघता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला म्हणे ओव्हरटाइम असतो? आमचे जावई त्याच शिफ्टला हायत. ते तर दुपारचेच सुटतात." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काय दिसतंय ते बघत होत्या. मी म्हटलं, "खातं वेगळं असेल," आणि दोरा दातानं तोडला.

कुणाला बोलायची सोयही नव्हती. मुलगी आमच्याकडे होती खरी, पण जिल्ह्याच्या कार्यालयाचा अंतिम आदेश अजून आला नव्हता. तोपर्यंत संस्थेच्या मॅडम अधूनमधून येऊन बघणार होत्या. घरात भांडण झालं, आळीत आवाज गेला, कुणी मॅडमच्या कानावर घातलं आणि त्यांनी मुलगी परत नेली तर? मला काकूंचा संशय यायचा, दूधवाल्याचा यायचा. नवऱ्याशी मी अगदी गोड वागायला लागले. तो दारात आला की मुलीला उचलून आतल्या खोलीत न्यायचे, म्हणजे दोघांची तोंडं शेजारी शेजारी दिसायला नकोत.

शेवटी एक दिवस जेवणं झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "मी रोह्याला मावशीकडे जाऊन येते. तिनं मुलीला अजून बघितलं नाही."

"पोरीला ठेव हितंच. ऊन हाय."

"नको. तिला दाखवायलाच तर जातेय."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांनाही माझा संशय आला असावा, पण कशाचा ते त्यांनाच ठाऊक.

पेणहून रोह्याची गाडी दुपारी रिकामीच असते. समोर एक बाई टोपली घेऊन बसली होती. कासू स्टेशनला उतरता उतरता तिनं मुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "बापासारखी दिसते गो?" तिनं नवऱ्याला कधी बघितलंही नव्हतं. सहज बोलायचं म्हणून बोलली. मी मात्र मुलीचं तोंड पदराआड घेतलं.

मावशीकडे मी गेलेच नाही. रोहा स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्यांच्या शेडच्या आडोशाला मुलीला दूध पाजत उभी राहिले. कंपनीची बस आली. माणसं उतरली, बरीचशी फलाटाकडे गेली. नवरा मागाहून उतरला. फलाटाकडे न जाता रस्ता ओलांडून एका गल्लीत शिरला. रोजच्या पायवाटेनं जावा तसा, इकडे तिकडे न बघता.

मी मागे गेले. दोन मजली चाळ होती. तो जिना चढला, टोकाच्या खोलीचं दार न वाजवता आत गेला. आतून बाईचा आवाज आला, "आलास? पाणी काढलंय."

मी जिन्याखाली उभी राहिले. परत जावं असं वाटलं. आपण काही बघितलं नाही असं धरून चालावं, आदेश येऊ द्यावा, मग बघू. पण मुलगी किंचाळली. तिला जिन्यातून उतरणारं मांजर दिसलं होतं आणि तिला ते हवं होतं. वरची एक बाई कठड्यावरून वाकून बघायला लागली. मग मी वर चढले.

दार उघडलं ती पन्नाशी ओलांडलेली बाई होती. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. मला तिनं ओळखलं नाही. मुलीकडे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगो बाय! ही तीच ना?"

मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आत कॉटवर एक वयस्क गृहस्थ बनियनवर बसून पेपर वाचत होते. मोरीत पाणी पडत होतं आणि माझा नवरा खाकरत होता. हे खाकरणं मी कुठेही ओळखलं असतं.

"बस, बस. आंघोळ चाललीय त्याची," ती बाई म्हणाली. "आता वेळ लागंल त्याला. दोनदोनदा साबण लावतो. मी म्हटलं त्याला, कातडी निघंल रं बाबा."

ते गृहस्थ कंपनीत त्याचे जुने सीनियर होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांचं नाव लग्नापासून ऐकत होते, पण त्यांना आणि त्यांच्या या बायकोला भेटले कधी नव्हते. मी खुर्चीच्या टोकावर बसले. तारेवर नवऱ्याचा दुसरा शर्ट वाळत होता. खिडकीत चंदनाच्या साबणाचं रिकामं खोकं होतं आणि त्यात सुईदोरा ठेवला होता.

तो मोरीतून बाहेर आला तो अंग पुसतच. घासून घासून मान लाल झालेली. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं? ताप आला तिला?"

"नाही."

"मग? मॅडम आल्या होत्या? कोण बोललं काय?"

"कुणी नाही. मीच आले."

मुलीनं त्याच्याकडे बघून हात हलवला. तो दोन पावलं मागे सरकला आणि भिंतीला टेकला. "थांब," म्हणाला, "अजून वास असंल. जरा वारा लागू दे."

मग ते वयस्क काकाच बोलले. मुलीला आणल्यावर सुरुवातीलाच तिची छाती घरघरत होती. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो होतो आणि ते म्हणाले होते, धूर, धूप, उग्र वास यांपासून लांब ठेवा. मी घरी येऊन सासूबाईंचा संध्याकाळचा धूप बंद केला आणि विसरले. नवरा विसरला नव्हता. दुसऱ्याच दिवशी कंपनीतून आल्यावर त्यानं तिला उचललं तेव्हा ती खोकली आणि रडली. त्यानं मनाशी ठरवून टाकलं की हे आपल्या अंगाच्या वासानं झालं. कंपनीतल्या न्हाणीघरात आंघोळ केली तरी कपडे त्याच लॉकरमधले. म्हणून तो इथे यायचा. आंघोळ करायचा, इथे धुतलेला शर्ट घालायचा, वास उडेपर्यंत बसायचा आणि मग पुढच्या गाडीनं पेणला यायचा. फोन व्हायचे ते याच काकांशी. प्लांटमधून स्टोअरला बदली मिळते का, त्यासाठी ते ओळखीच्यांकडे शब्द टाकत होते.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

तो मुलीकडेच बघत होता. "तू मॅडमना बोलली असतीस. तू खोटं बोलत नायस. त्यांनी लिहिलं असतं, बापाच्या कामामुळं पोरीला त्रास. परत नेली असती."

काकांच्या बायकोनं चहा ठेवला. मुलगी माझ्या मांडीवरूनच त्यांच्या गाऊनचं बटण ओढत बसली. नवऱ्यानं तिला घेतलं नाही आणि मीही आग्रह केला नाही.

परतीच्या गाडीत तो समोरच्या बाकावर बसला, शेजारी नाही. सगळं मनात ठेवून मला घरी जाता आलं नसतं. मी त्याला सांगितलं. साबण, शर्ट, काकूंचं बोलणं. आणि मग दुसरंही सांगितलं, नाकाचं. फक्त ते सासूबाईंच्या तोंडून आलं हे सांगितलं नाही.

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. नागोठणे गेलं. मग म्हणाला, "माझी असती तर मी अशी लपवून ठेवली असती, असं वाटलं तुला?"

"मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं."

"मी आलो की तू तिला उचलून आत न्यायचीस. मला वाटायचं, हिलापण वास कळला. हिलापण मी नको वाटतोय."

कासूच्या पुढे मुलगी माझ्या मांडीवरून त्याच्याकडे झेपावली. माझ्या हातून निसटलीच, म्हणून त्याला धरावं लागलं. धरल्यावर लगेच रडायला लागली. तो घाबरला, पण माझ्याकडे परत दिली नाही. पेण येईपर्यंत ती रडली आणि डब्यातली माणसं आमच्याकडे बघत राहिली, हे मूल नक्की यांचंच का, अशा नजरेनं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, साफ होती. नवऱ्यानं सगळं सांगितल्यावर म्हणाले, कपडे बदला, साध्या साबणानं आंघोळ करा, बस. आणि या वयात मुलं नव्या माणसाला रडतातच. मग आठवलं, ती काकूंना रडायची, दूधवाल्याला रडायची. आम्ही ते मोजलंच नव्हतं.

संस्थेच्या मॅडम पुढच्या वेळी आल्या तेव्हा नवऱ्यानं त्यांच्यासमोर बसून आपणहून सगळं सांगून टाकलं. सासूबाई मागून त्याचा शर्ट ओढत होत्या. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तिला झोपवतं कोण?" तो म्हणाला, "मी. म्हणजे ही झोपवते, मी पाळणा हलवतो." त्यांनी मान हलवली, चहा घेतला आणि त्या गेल्या. त्या गेल्यावर आम्ही चौघंही बराच वेळ ओट्यावर बसून होतो. आपण वाचलो की नाही, याचा अंदाज येत नव्हता.

सासूबाईंना मी एकदा नीट समजावून सांगितलं. रोह्याला कोण आहे, तो तिथे काय करत होता. त्यांनी सगळं ऐकलं. मग दोन दिवस मुलीला तेल लावायला आल्या नाहीत. कंबर धरलीय म्हणाल्या. मी स्वतःच तेल लावलं. माझ्या हाताला ती सवय नव्हती आणि मुलगी घसरून ओरडत होती. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, तेलाची वाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "पोरीला उलटी धरलीयस. हो बाजूला." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, की त्या अजूनही आपलंच खरं धरून आहेत, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

यथावकाश आदेश आला. स्टोअरची बदली मात्र झाली नाही. नवरा अजून प्लांटलाच आहे. आम्ही बारसं आदेशासाठी थांबवलं होतं. ते झालं तेव्हा मुलगी पाळण्यात मावत नव्हती, कडेला धरून उभीच राहिली. रोह्याहून ते काका आणि त्यांची बायको आले. आळीतल्या बायकांनी काकांच्या बायकोला नखशिखांत न्याहाळलं. ही कोण, कुठली, हिचा काय संबंध. मी सांगितलं, "यांच्या कंपनीतल्या." काकू म्हणाल्या, "असं होय," आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पेढे वाटण्यात गुंग होत्या.

आता ती चालते. आता कुणालाच रडत नाही. ओट्यावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हात करते आणि कुणीही हात पुढे केला की झेपावते. परवा एक अनोळखी बाई आळीत पत्ता विचारत आली होती. मुलीला बघून थांबली, खाली बसली आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली. नवरा हसत होता. मी मशीन थांबवून दारात आले आणि आधी तिचं नाक बघितलं. बाई उठून कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तोवर तिथेच उभी राहिले.